काठाच्या ओळी सोडून

वाहुळे मॅडम बसून बोलल्याचं मला आठवत नाही. शबाना मॅडमच्या क्लिनिकबाहेर आम्हा पालकांसाठी एक लांब बाकडं होतं. बोलण्याचे उपचार घ्यायला आलेल्या पोरांचे आई-बाप त्याच्यावर ओळीनं बसायचे, पण या बाईंना बाकड्याचं वावडं. शेतात चालावं तशा त्या बाकड्यासमोरून इकडून तिकडे चालायच्या, एकेकासमोर थांबायच्या, वाकून बघायच्या. नव्या माणसाला वाटायचं, ह्या इथल्या मोठ्या डॉक्टर असाव्यात. एक-दोघांनी तर त्यांना रिपोर्टही दाखवले होते आणि त्यांनी ते मन लावून वाचलेही होते.

माझं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान. माझ्या ओंकारला ऑटिझम आहे हे कळल्यावर मी दर सोमवारी दुकान बंद ठेवून त्याला शबाना मॅडमकडे न्यायला लागलो. कापडवाल्याला बोलायची सवय, त्यामुळे पहिल्याच सोमवारी मी बाकड्यावर एक हकिगत रंगवून सांगायला घेतली. कुणाच्या तरी मेहुण्याचा मुलगा, अगदी आमच्या ओंकारसारखाच. त्याला कसल्याशा यंत्रात रोज बसवलं आणि तीन महिन्यांत तो पाढे म्हणायला लागला. सगळे कान देऊन ऐकत होते. एक आजी तर यंत्राचा पत्ता विचारायच्या बेतात होत्या. तेवढ्यात उन्हानं रापलेल्या चेहऱ्याची, पायांत चिखलाचे बूट घातलेली एक बाई माझ्यासमोर येऊन थांबली. त्याच वाहुळे मॅडम.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्याच्या शेजारी काय पेरल्तं?"

बाई शेतीचं का विचारतायत, हेच मला उमगेना. मग त्यांनी उलगडून सांगितलं. तसाच, त्याच वयाचा दुसरा पोरगा, ज्याला यंत्रात बसवलं नाही, त्याचं त्या तीन महिन्यांत काय झालं? तोही पाढे शिकला असेल तर? मी म्हटलं, दुसऱ्या पोराचं मला काय माहीत. "मंग पहिल्याचंबी तुम्हाला माहीत न्हाई," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसल्या असं म्हणायचं, नाहीतर तो आवाज जिना उतरून खाली रस्त्यावर पोचला होता. मला थोडा रागच आला. एवढी चांगली हकिगत बाईंनी दोन वाक्यांत कापून टाकली होती.

आमच्याकडे बियाण्यांच्या कंपन्या पुष्कळ. त्यातल्या एका कंपनीत मॅडम नव्या वाणांच्या चाचण्या बघत. शेतकीच्या पदवीधर, मूळच्या मंठ्याच्या, आणि कंपनीची जीप स्वतः हाकायच्या. एकदा त्यांनी मला आणि ओंकारला त्यांच्या चाचणीच्या प्लॉटवर नेलं. मका डोक्याएवढा वाढला होता. मी रस्त्यालगतची कणसं बघून वाहवा केली, तर त्यांनी माझ्या दंडाला धरून मला आत ओढलं. म्हणाल्या, पाहुण्यांना आम्ही काठच दाखवतो. काठाच्या ओळीला ऊन जास्ती, वारा जास्ती, बाजूला भांडायला कुणी नाही, म्हणून ती नेहमीच चांगली दिसते. मोजताना ती सोडून द्यायची. कणसं आतली मोजायची. आणि नवा वाण कधी एकटा लावायचा नाही, शेजारी जुना लावायचा. वर खुंटीवर नाव लिहायचं नाही, नुसता नंबर, म्हणजे मोजणाऱ्याला आपलं कोण आणि परकं कोण ते कळू नये. हे सांगताना त्या अशा खुललेल्या होत्या की जणू घरात लग्न निघालंय. ओंकार मक्याच्या पानांतून हात फिरवत पुढे गेला होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा शेतात उभा राहून माझ्या पोराच्या औषधांचा विचार करत होतो.

तेव्हापासून 'काठाची ओळ' हा आमच्या बाकड्यावरचा शब्द झाला. कुणी मोबाइलवर बऱ्या झालेल्या पोराचा व्हिडिओ दाखवला की दुसरा कुणीतरी हळूच म्हणायचा, काठाची ओळ.

त्यांची मुलगी मैत्री. तेव्हा आठ वर्षांची, दोन वेण्या, मोठे डोळे आणि तोंडातून एक शब्द नाही. पेपरात ऑटिझमसाठी 'स्वमग्न' असा शब्द आला की मॅडम खवळायच्या. "स्वतःत मग्न कुठली? मला बराबर बघून राह्यली ती," म्हणायच्या. आणि ते खरं होतं. आई बाकड्यासमोरून चालायची तेव्हा मैत्रीची नजर तिच्या बुटांबरोबर चालायची. जीपमध्ये मैत्री असली की मॅडम हॉर्न वाजवत नसत, कारण मोठा आवाज झाला की ती कान दाबून कळवळायची. बाजाराच्या गर्दीत जीप घालून या बाई खिडकीतून डोकं काढून ओरडायच्या, "ओ मामा, जरा सरका." मैत्रीला आईच्या ओरडण्याचा मात्र काही त्रास नव्हता.

मॅडमना काय हवं होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कारण त्या ते लपवत नसत. मुलीनं बोललंच पाहिजे असं नाही. तोंडानं, खुणेनं, चित्रानं, कशानंही चालेल, पण एक शब्द तिचा स्वतःचा पाहिजे. कुणी पढवलेला नाही, कुणी हातात दिलेला नाही. तेवढ्या एका शब्दासाठी त्या वाटेल तिथे जायला तयार होत्या.

आता कुणाला वाटेल, असली बाई कशाला फसते? पण फसल्या, आणि असल्या झोकात फसल्या की आम्ही ती गोष्ट अजून सांगतो. कुणीतरी त्यांना एका पावडरीचा डबा आणून दिला. बालरोगतज्ज्ञांनी डबा बघून सांगितलं, अपाय काही दिसत नाही, उपायाचं मी बोलणार नाही. पावडर सुरू झाली आणि आठवड्याभरात मैत्री रात्रभर झोपायला लागली, जेवायला लागली, आईच्या डोळ्यांत बघायला लागली. मॅडम जिना धावत चढून आल्या. ज्याला त्याला सांगत सुटल्या. आम्हीच त्यांना म्हटलं, मॅडम, शेजारी काय पेरल्तं? त्यांनी हात झटकला. एक-दोन दिवस गेले, आणि मग त्यांनाच ते डसायला लागलं.

त्यांनी सासूबाईंना कामाला लावलं. दोन सारखे डबे. एकात पावडर, दुसऱ्यात सातूचं पीठ, तसाच रंग यावा म्हणून चिमूटभर हळद घातलेलं. कुठल्या डब्यात काय ते फक्त सासूबाईंना ठाऊक. काही दिवस हा डबा, काही दिवस तो. मैत्री कशी आहे ते मॅडम सांगणार आणि शबाना मॅडमही आपल्या परीनं सांगणार. दोघींनाही डब्यांचा पत्ता नाही. मॅडमना मात्र पहिल्या दिवसापासून खात्री. डावा डबा औषधाचा, बिलकुल शंका नाही. डाव्या डब्यावर पोरगी कशी टवटवीत असते, उजव्यावर कशी उतरते, ते त्या आम्हाला रंगवून सांगायच्या. शबाना मॅडमना विचारलं तर त्या म्हणायच्या, मला तर सारखंच वाटतंय.

शेवटी घरात सगळ्यांसमोर सासूबाईंनी सांगितलं, डावा डबा सातूचा.

मॅडम भिंतीला टेकून हसायला लागल्या त्या थांबेचनात. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "मंग सातूच देत जाय. पोटाला तरी लागंल." पुढच्या सोमवारी मॅडमनी ही गोष्ट बाकड्यावर स्वतःच सांगितली, अगदी सासूबाईंच्या आवाजासकट. चाचणी करणाऱ्यालाच सर्वांत जास्त फसायचं असतं, म्हणून तर खुंटीवर नाव लिहायचं नाही, असं म्हणाल्या.

पण त्या तिथे थांबल्या नाहीत. पोरगी पहिल्या आठवड्यात सुधारली होती हे तर सगळ्यांनी पाहिलं होतं. मग त्या आठवड्यात शेजारी काय होतं? दोन दिवस त्या तेच डोक्यात घेऊन फिरल्या आणि तिसऱ्या दिवशी मला दुकानात फोन आला. आवाज एवढा मोठा की गिऱ्हाइकानंही ऐकला. "भाऊ, गिरणी!" त्यांच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती. पावडर सुरू झाली त्याच आठवड्यात गिरणीची मोटार जळाली होती आणि गिरणी बंद होती. पावडरीला जे श्रेय मिळालं ते गिरणीच्या मोटारीचं होतं. मॅडमनी त्याच दिवशी मैत्रीचं अंथरूण मागच्या खोलीत नेलं आणि तिच्या कानांवर घालायला मोठे हेडफोन आणले. पोरगी पुन्हा झोपायला लागली. आनंदाच्या भरात बाईंनी गिरणीवाल्याला पेढे दिले, त्याला कशाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मोठ्या शहरात एक केंद्र निघालं होतं. तिथे न बोलणारी मुलं अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून लिहायची. एक ताई मुलाचं मनगट धरून आधार द्यायची, आणि मूल एकेका अक्षरावर बोट ठेवत वाक्य करायचं. व्हिडिओ बघून आमच्या बाकड्यावरचे सगळे रडले होते. मॅडम आणि मी, दोन्ही पोरांना घेऊन जीपनं गेलो.

तिथली ताई विशीतली, गोड मुलगी होती. तिनं मैत्रीचं मनगट धरलं. बोट पाटीवर फिरलं आणि अक्षर अक्षर जोडत वाक्य झालं, 'आई, मला सगळं कळतं.' वाहुळे मॅडम खुर्चीवर बसल्या. जीप सोडली तर मी त्यांना बसलेलं तेव्हाच पाहिलं. तोंडावर पदर घेतला. मग ओंकारची पाळी आली. त्याच्या बोटानं लिहिलं, 'बाबा, तुम्ही चांगले आहात.' मी त्या ताईच्या पाया पडायचा बाकी होतो.

चहा झाला. मॅडम उठल्या आणि चालायला लागल्या. खिडकीपर्यंत, दारापर्यंत, परत खिडकीपर्यंत. ती चाल मला ओळखीची होती, आणि मी मनात म्हणत होतो, नको बाई, आज नको.

त्या मैत्रीला घेऊन खाली गेल्या आणि थोड्या वेळानं वर आल्या. ताईला गोड आवाजात म्हणाल्या, बाहेर काय खाल्लं ते जरा तिला विचारता का? ताईनं मनगट धरलं. पाटीवर आलं, 'बिस्कीट'. मैत्रीनं खाल्लं होतं सीताफळ. एखाद्या वेळी चूक होते, असं ताई म्हणाली, आणि मॅडमनी ते मान्य केलं. म्हणून पुन्हा केलं. ताई बाहेर थांबली, आत मैत्रीला ओंकारचा लाल चेंडू दाखवला, तिनं तो हातात घेऊन फिरवला, मग चेंडू पिशवीत ठेवला. ताई आत आली. पाटीवर 'बाहुली' आलं. मग मॅडमनी ताईसमोरच मैत्रीच्या हातात किल्ली दिली. या वेळी पाटीवर बरोबर 'किल्ली' आलं. असं आणखी काही वेळा झालं. जे ताईला माहीत ते पाटीवर यायचं. जे फक्त मैत्रीला माहीत ते एकदाही आलं नाही.

ताई पांढरी पडली. मी मुद्दाम काही करत नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि तिचे डोळे भरले होते. मॅडमनी तिला जवळ घेतलं. "तू खोटं बोलली न्हाईस बाई," त्या म्हणाल्या. "तुझा हात बोलला, आन् तुलाच कळलं न्हाई. माझं सातूचं पीठ आसंच होतं."

परतीच्या वाटेवर मला बाईंचा राग आला होता, अगदी मनापासून. 'बाबा, तुम्ही चांगले आहात' हे वाक्य मला तासभर मिळालं होतं आणि त्यांनी ते काढून घेतलं. शेवटी मी म्हटलंच, मॅडम, राहू द्यायचं होतं, कुणाचं काय बिघडत होतं? त्यांनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली. मागे दोन्ही पोरं झोपली होती.

"पोरीला कळत न्हाई असं मी म्हणत न्हाई भाऊ. तिला लई कळतं. पण हे बोलणं तिचं न्हाई. दुसऱ्याचं बोलणं तिच्या तोंडी घालून मी खूश राह्यले, तर मंग माझी पोरगी कुठं राह्यली? तिला पाणी पाहिजे आसंल आन् पाटी म्हणंल, आई मी सुखात आहे."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा गाडी सुरू केली. जालन्याच्या वेशीवर आल्यावर म्हणाल्या, उद्यापासून शबाना मॅडमची चित्रं जोरात. त्या चित्रांचीही त्यांनी आधी उलटतपासणी घेतलेली होती. शबाना मॅडम मुलांना चित्रांची कार्डं द्यायच्या. पाणी हवं तर पाण्याचं कार्ड समोरच्याच्या हातात द्यायचं. सुरुवातीला मागून कुणीतरी मुलाचा हात धरून शिकवतं, आणि मॅडमचा पहिला प्रश्न हाच होता, हा हात कधी सुटणार ते आधी सांगा. शबाना मॅडम म्हणाल्या, पहिल्याच आठवड्यापासून थोडा थोडा सोडायचा, तेच तर काम आहे. शिवाय ज्या मुलांना शिकवलं आणि ज्यांना नाही, त्यांची शेजारी शेजारी तुलना लोकांनी केलेली आहे. सगळ्यांनाच सारखा गुण येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मॅडमना ते फार आवडलं. "सगळ्या जमिनीत सारखं येतं म्हणणारा माणूस बियाणं इकत आसतो," असं म्हणाल्या.

वर्ष गेलं. मैत्री कमरेच्या पट्ट्याला कार्डं लावून फिरायला लागली. चिक्की समोर दिसली की चिक्कीचं कार्ड द्यायची. आम्ही टाळ्या वाजवायचो. मॅडमही खूश व्हायच्या, पण बाकड्यासमोरून चालताना म्हणायच्या, समोर ठेवलेलं मागणं ही काठाची ओळ. समोर नसलेलं, कुणाच्या ध्यानीमनी नसताना मागेल, तेव्हा मोजू.

पुढे कंपनीनं त्यांना दुसऱ्या राज्यात पाठवलं. फोन येतात, अजून तसेच कानठळ्या बसवणारे. पण जायच्या आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मंठ्याला, त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नात, आणि वाहुळे मॅडम म्हटलं की मला तेच दिसतं.

साड्या माझ्याच दुकानातल्या, त्यामुळे आम्ही घरातलेच पाहुणे. मॅडम करवली. भरजरी हिरवी साडी, केसांत गजरा, आणि पायांत तेच बूट, कारण मांडवाच्या मागे चिखल होता. मैत्री माझ्या बायकोशेजारी मांडवाच्या अगदी टोकाला बसली होती, कानांवर हेडफोन, कमरेला पट्टा. त्रिसरण-पंचशील झालं, वधूवरांवर फुलं पडली, आणि लगेच बँडवाल्यांनी असा दणका दिला की माझ्याच छातीत धक्का बसला. माइकवरून घरच्या माणसांना फोटोसाठी बोलावू लागले आणि मॅडम स्टेजवर चढल्या.

मैत्री उठली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आम्ही तिला अडवलं नाही. ती खुर्च्यांमधून, जेवणाच्या रांगेतून, नाचणाऱ्या पोरांतून सरळ चालत गेली. स्टेजच्या पायऱ्या चढली. पट्ट्यावरून एक कार्ड ओढून काढलं आणि आईच्या हातात ठेवलं.

मॅडमनी कार्ड बघितलं. मग मान वर करून एवढ्या गर्दीतून आम्हाला शोधलं. आणि मग पोरीचा हात धरून त्या पायऱ्या सोडून सरळ खाली उडीच मारून आल्या आणि मांडवाबाहेर पळाल्या. मी त्यांच्या मागे धावलो.

बाहेर लिंबाखाली त्या उभ्या होत्या, धापा टाकत. हातात 'बाहेर'चं कार्ड.

"भाऊ, खरं सांगा. तुम्ही दिलं का हिच्या हातात?"

नाही, मी म्हटलं.

"वहिनींनी? कुणी म्हणलं का, जाय आईकडं?"

कुणी काही म्हटलं नाही. आपणहून उठली, आपणहून गेली.

आनंदानं त्यांना उभं राहवत नव्हतं, पाय नाचत होते, आणि तरी ही बाई मला म्हणाली, "एकदाच झालंय. एक झाड म्हणजे प्लॉट न्हाई." मैत्री हेडफोन सारखे करत होती. तिनं पट्टा चाचपला. आणखी एक कार्ड काढलं आणि आईच्या हातात पहिल्या कार्डावर ठेवलं. त्यावर त्यांच्या जालन्यातल्या घराचं चित्र होतं.

आत माइकवर पुकारत होते, नवरदेवाच्या बहिणीनं ताबडतोब स्टेजवर यावं. वाहुळे मॅडमनी या वेळी मला काही विचारलं नाही. त्यांनी मैत्रीला जीपमध्ये बसवलं, साडी गुडघ्याशी खोचली आणि गाडी सुरू केली. वऱ्हाड्यांनी रस्ता भरला होता. हॉर्न न वाजवता, खिडकीतून गजऱ्यासकट डोकं बाहेर काढून त्या ओरडत होत्या, "सरका, सरका, पोरीला घरी जायचंय!"

मी मांडवात परतलो तेव्हा नवरदेव स्टेजवरून वाकून मला विचारत होता, ताई कुठाय, फोटो थांबलाय.

"घरी गेली," मी म्हटलं. "मैत्रीनं सांगितलं तिला."